शीट ४७ एफ

सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत इंचाला चार मैल या जुन्या मापाचं ४७ एफ हे शीट मला फार बोलकं वाटतं. ७३ रेखांशाची रेघ कुंडलिका नदीला मुखाच्या थोडं वर कापते. त्यामुळे रेवदंडा आणि कोर्लई शेजारच्या ४७ बी वर गेले. रोहा, कोलाड, भिरा मात्र घाटावरच्या मुळशीबरोबर एकाच कागदावर राहिले. आखणाऱ्याने फक्त अंश मोजले होते. पण पुढे हीच सोयरीक जुळली.

जुना नकाशा म्हटलं की त्यातली गावं-रस्ते शिळे झाले असणार, डोंगर तेवढे खरे, असं आपण धरून चालतो. डोंगर खरेच आहेत. तपकिरी समोच्च रेषा कड्याशी इतक्या दाटतात की कागदावर चहा सांडल्यासारखं दिसतं. या दाटीपलीकडे पडलेला पाऊस मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणार, अलीकडचा रेवदंड्याच्या खाडीत. खोटं ठरलं ते नेमकं हेच.

टाटांनी मुळशीला धरण बांधलं, पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरवलं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. तेव्हापासून त्याच पाण्याने कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते. कोलाडचं राफ्टिंग सकाळी वरून पाणी सुटल्यावरच सुरू होतं. नदीला वेळापत्रक आहे. धरणापूर्वीच्या मोजणीचा नकाशा काढला, तर आज जिथे निळा रंग आहे तिथे गावांची नावं सापडतात. त्यांच्यासाठी सेनापती बापटांसह मावळे १९२१ पासून लढले, हरले. किनाऱ्यालगतची अशी शीटं पुढे कितीतरी वर्षं सामान्य माणसाला सहजी मिळत नव्हती. सर्वांसाठी वेगळी मालिका २००५ च्या नकाशा धोरणात आली. शत्रूपासून लपवताना ती शीटं गावकऱ्यापासूनही लपली.

मुळशीचं हे पाणी पुन्हा पूर्वेला द्या, अशी मागणी भीमेच्या खोऱ्यातून अधूनमधून होते. जुना नकाशा त्यांच्या बाजूचा आहे. पण रोह्याजवळच्या धाटावची एमआयडीसी आणि कोलाडचे तरुण याच पाण्यावर उभे राहिले, त्यांना तो दाखवून काय सांगणार? शिवाय वाटाघाटीला बसतील ते भीमाकाठचे, रोह्याचे आणि वीज कंपनीचे. ज्यांचं खोरं बुडालं, त्या मुळशीकरांना खुर्ची कोणत्या बाजूला मांडायची, हे कुठल्याच नकाशावरून ठरत नाही.