एका दमात किती?

‘श्वास चालू आहे’ एवढं सांगून रुग्ण ताब्यात दिला, तर घेणाऱ्याला काहीच कळत नाही. श्वास मिनिटाला किती, उथळ की खोल, मघाशी होता तसाच की बदललेला, हे कळलं तर पुढचं ठरवता येतं.

परभणी जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत याची किंमत कळते. जिंतूरकडच्या एखाद्या वस्तीवर भुईवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. दात बारीक, त्यामुळे खूण दिसत नाही. सूज नाही, फारशी आगही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, थुंकी गिळवत नाही. घरचे म्हणतात, झोप झाली नाही, पडू द्या. पण विषाने नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवलेला असतो आणि पापण्यांनंतर पाळी छातीच्या स्नायूंची येते.

2014 पासून धावणारी 108 रुग्णवाहिका दारात आली की बोटाला ऑक्सिमीटर लागतो. आकडा 97 दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. तो आकडा रक्तातला ऑक्सिजन सांगतो, छातीतली ताकद नव्हे. तोंडाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावत गेला तरी तो बराच वेळ चांगलाच दिसतो.

म्हणून मोजायचं. मोठ्या माणसाचे मिनिटाला 12 ते 20 श्वास. पूर्ण 60 सेकंद मोजावेत, तेही मनगट धरून, नाडी बघतोय असं भासवून. कळलं की रुग्णाचा श्वास बदलतो. याला पदवी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावच्या दायांना मणी सरकवत बाळाचे श्वास मोजायला शिकवलं आणि दायांनी त्यावरून न्यूमोनिया ओळखला.

मण्यारच्या रुग्णात मात्र वेगही फसवतो. मोजले तर 18 भरतात, पण छाती जेमतेम हलते. त्याला छाती भरून श्वास घ्यायला लावा आणि कबड्डीत धरतात तसा दम धरून एकपासून आकडे म्हणायला सांगा. आधी पंचविसापर्यंत जाणारा गडी पुढच्या खेपेला बारावर थांबला, तर ऑक्सिमीटर काहीही सांगो, हाताने दाबून श्वास देण्याची अँब्यू बॅग हातात घ्या. श्वास अपुरा पडला की दर पाच-सहा सेकंदांनी एक दाब. यापायी गाडी मात्र थांबवू नका, हे सगळं वाटेत करायचं.

प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं. नसांची आधीच बिघडलेली टोकं त्याने सुधारत नाहीत. त्यांना सावरायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस दुसऱ्याने श्वास पुरवला, तर रुग्ण बहुधा बरा होऊन घरी जातो.