दोन पेट्यांसाठी बोट थांबावी काय?

नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ साली कॅप्टन रिचर्ड विथ यांनी टपाल, माल व उतारू नेणारी आगबोट सुरू केली. आजही त्या मार्गावरच्या बोटी बर्गेन ते किर्केनेस ३४ बंदरांना लागतात. एका दिवसाच्या सहलीला चढलेल्या आपल्याला वाटते, दोन पेट्या उतरवायला एवढी मोठी बोट कशाला थांबवावी? तिकीट काढले म्हणजे जणू आपण मालकच! परंतु बोट आपल्या सहलीसाठी निघालेली नसते. कडक हिवाळ्यातही ती चालावी म्हणून सरकार पैसे भरते. थोड्यांसाठी सर्वांनी भार सोसावा, हा अन्याय नव्हे. कोकणात आगबोटीची वाट पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना विचारा. धक्क्यावर उभ्या असलेल्याचा हक्क डेकवर बसलेल्यापेक्षा तसूभरही कमी नाही.