न चाललेलें नाणें

शास्त्रपाठ: मत्तय २५:१४-३०



नाणें कशासाठीं पाडितात, असें लहान मुलाला विचारिलें तर तेंही सांगेल कीं, तें चालावें म्हणून. टांकसाळेंतून निघून तें मजुराच्या हातीं यावें, त्याच्याकडून वाण्याच्या दुकानीं जावें, तेथून शेतकऱ्याच्या घरीं पोहोंचावें, यांतच त्याचें सार्थक आहे. परंतु पाडिलें गेलें आणि कधींच चाललें नाहीं, असेंही नाणें जगांत आहे. त्याची हकीकत मनन करण्याजोगी आहे, म्हणून ती येथें देतों.

सन १९३३ मध्यें अमेरिकेंत मोठी मंदी होती. पेढ्या बुडत होत्या व लोक भीतीनें सोनें दडवून ठेवीत होते. तेव्हां अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांस सुवर्णनाणीं देणें बंद केलें, आणि त्यांच्याजवळचें बहुतेक सोनें सरकारांत भरण्याचा हुकूम ५ एप्रिल रोजीं काढिला. त्याच सालीं फिलाडेल्फिया येथील टांकसाळेंत वीस डॉलरांचीं ४,४५,५०० सुवर्णनाणीं पाडिलीं गेलीं. प्रत्येकाचें वजन सुमारें ३३ ग्रॅम, आणि दहांपैकीं नऊ भाग शुद्ध सोनें. एका बाजूस हातीं मशाल व जैतुनाची डाहळी घेऊन पुढें पाऊल टाकणारी स्त्री, ती स्वातंत्र्याची खूण. दुसऱ्या बाजूस उडता गरुड, आणि आमचा भरवसा देवावर आहे अशा अर्थाचा लेख. सोनें खरें, ठसा खरा, लेखही खरा. परंतु तीं नाणीं व्यवहारांत आलींच नाहींत. दोन नाणीं स्मिथसोनियन संग्रहालयास दिलीं. बाकीचीं १९३७ सालीं वितळवून त्यांच्या लगडी केल्या. थोडींशीं मात्र चोरून बाहेर नेण्यांत आलीं होतीं. त्यांपैकीं एक २००२ सालीं सरकारच्या संमतीनें न्यूयॉर्क येथें लिलावांत विकलें गेलें. त्या वेळीं किंमतीशिवाय आणखी वीस डॉलर सरकारांत भरावे लागले, तेव्हां तें नाणें कायदेशीर चलन ठरलें! पुढें २०२१ सालीं त्याच नाण्यास सुमारें १ कोटी ८८ लक्ष डॉलर आले.

या नाण्यानें कोणाची भूक भागविली? कोणाचें कर्ज फेडिलें? कोणा आजाऱ्यास औषध आणिलें? पाऊल उचललेली ती स्त्री एका हातांतून दुसऱ्या हातापर्यंतदेखील चालली नाहीं. तें दुर्मिळ आहे व झिजलेलें नाहीं, म्हणूनच संग्राहक त्यास एवढें मोल देतात. जगाच्या बाजारांत हें चालतें. देवाच्या घरचा हिशेब मात्र निराळा आहे.

आपल्या शास्त्रपाठांतील तिसरा दास पाहा. त्यानें धन्याचा पैसा चोरिला नाहीं, उधळला नाहीं, जुगारांत घालविला नाहीं. जेवढा घेतला तेवढा परत दिला. तरी धन्यानें त्यास दोषी ठरविलें. कारण जें चालविण्यासाठीं दिलें तें त्यानें पुरून ठेविलें. आणि पुरिलें कां? तर भीतीमुळें. धनी कठोर आहे असें त्यानें मनाशीं ठरविलें होतें. ज्याला धन्याचें प्रेम ठाऊक नाहीं, त्याच्या हातून कुदळीचेंच काम होतें.

आतां आपण आपल्याकडे पाहूं या. आपला बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या पटावर नांव चढलें, ठसा उमटला. परंतु रविवारीं उपासनामंदिरांत चकाकणारें हें नाणें सोमवारीं गांवच्या बाजारांत कोणाच्या कामीं येतें काय? किती घरांत पवित्र शास्त्र स्वच्छ फडक्यांत गुंडाळून फळीवर ठेविलेलें असतें, आणि शेजारची निरक्षर म्हातारी एक अध्याय ऐकावयास तळमळत असते! किती भावांचा शेताच्या बांधावरून अबोला आहे, आणि क्षमेची शिकवण दोघांच्याही तोंडपाठ आहे! लोक काय म्हणतील, या भीतीनें किती तरुण आपली साक्ष मनांतच पुरून ठेवितात! आम्हां पाळकांसही हें लागू आहे. उपदेशपीठावरून दिलेलें आणि दारोदार न नेलेलें वचन आम्हीही टांकसाळेंतच ठेवितों.

त्या अमेरिकन नाण्यांचा कांहीं अपराध नव्हता. त्यांस राज्यकर्त्याच्या हुकुमानें अडविलें होतें. आपल्या राजाचा हुकूम तर याच्या अगदीं उलट आहे. त्यानें आपल्या शिष्यांस राष्ट्राराष्ट्रांत जाण्यास सांगितलें. मग आपण कोणाच्या हुकुमानें थांबलों आहों?

कोणी म्हणेल, चालल्यानें नाणें झिजतें. होय, झिजतें. सेवा करणाऱ्याचे हात खरखरीत होतात, त्याला अपमान सोसावा लागतो, रात्रीची झोप मोडते. पण झिजलेला रुपयाही रुपयाच असतो, आणि ज्याचा ठसा त्यावर आहे तो त्यास ओळखतो. यरुशलेमेच्या मंदिरांत एका विधवेनें दोन टोल्या टाकिल्या. कोणताही संग्राहक त्यांकडे वळून पाहता ना. परंतु भांडारासमोर बसलेल्या प्रभूनें त्यांची किंमत सर्वांत अधिक ठरविली.

म्हणून प्रियांनो, या आठवड्यांत आपापल्या घरीं शोध करा. कोणतें नाणें पुरून ठेविलें आहे? वाचतां येणें, गातां येणें, आजाऱ्याजवळ बसतां येणें, भांडण मिटवितां येणें. लहान असो वा मोठें, तें उकरून काढा व धन्याच्या नांवानें कोणाच्या तरी हातीं द्या. धनी येईल तेव्हां आपण किती चकाकत आहों हें तो विचारणार नाहीं. आपण कोठें कोठें चाललों, हें विचारील. त्या दिवशीं उत्तर देण्यास त्याची कृपा आपणां सर्वांस सिद्ध करो. आमेन.