पहिलं ताट

पंगतीत जाड माणसाने दुसरी जिलबी घेतली, की चार नजरा त्याच्या ताटाकडे वळतात. शेजारच्या सडपातळ माणसाला मात्र आग्रह होतो, ‘घ्या हो, तुम्हाला काय होतंय!’ अंगलट पाहून माणसाचा संयम ठरवण्याची ही सवय अन्यायाची आहे. शास्त्रही तिच्या बाजूने नाही.

२००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

चरबी किती, याइतकंच ती कुठे साठते हेही महत्त्वाचं. कातडीखालची चरबी त्यामानाने निरुपद्रवी. आतड्यांभोवती साठणारी चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात. मग रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. दाह वाढवणारी द्रव्यंही हीच चरबी सोडते. धमन्यांचं अस्तर दुखावतं, त्यावर थर चढत जातो. छातीत कळ येईपर्यंत वर्षानुवर्षं हे मुकाट चालतं.

बारीक शरीरातल्या या जादा चरबीची सुरुवात कुठे होते? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांहून सुमारे आठशे ग्रॅमनी हलकी. त्यांचे स्नायू कमी भरले होते. चरबी त्यामानाने टिकून होती. ज्या आयांच्या जेवणात दूध, पालेभाज्या, फळं अधिक वेळा होती, त्यांची बाळं मोठी भरली.

सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खाणारी गरोदर सून आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, वर तिच्या सोशिकपणाचं कौतुकही केलं. तिच्या मुलाला चाळिशीत झटका आला, की आपण त्याच्या वडापावला बोल लावतो. वडापाव निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण आईच्या त्या रिकाम्या ताटाचा हिशेब कुणीच मांडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आतल्या चरबीचा अंदाज घ्यायला शिंप्याची टेप पुरते, आणि ती घरी असतेच. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, स्त्रीची ८० च्या वर गेली असेल, तर बारीक दिसणाऱ्यानेही तपासणी करून घ्यावी आणि रोज चालायला लागावं. व्यायामाने ही आतली चरबी उतरते. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील, तर आजपासून पहिलं ताट तिचं वाढा.