उसवल्याचे तास

डिसेंबर लागला की विद्यानगरच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी पहाटे पायाला चावते. हैदराबादला कसली आलीय थंडी, असं पुण्याचे पाहुणे हसून विचारतात. त्यांना मी सकाळी सहाला अनवाणी देवघरापर्यंत जाऊन यायला सांगते. सासूबाई परभणीच्या, त्या कसली तक्रार करत नाहीत, नुसते पाय पलंगावर ओढून घेतात. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्यासाठी लोकरीच्या सपाता विणायला घेतल्या.

सपाता म्हणजे विणकामातली बाराखडी. जाड लोकर दुपदरी घ्यायची, सगळ्या ओळी सुलट. पट्टी झाली की एका बाजूने टाच शिवायची, दुसऱ्या बाजूचे टाके धाग्यात ओवून आवळायचे, की बोटांकडची गोलाई आपोआप येते. माझी पहिली जोडी इतकी सैल झाली की सासूबाई पुढे गेल्या आणि सपाता जागेवरच राहिल्या. उसवल्या, पुन्हा टाके घातले.

गच्चीत ऊन खात विणत बसले होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "अच्छा टाइमपास है आपका." कौतुकानेच म्हणाल्या. तरी तो शब्द दिवसभर डोक्यातून जाईना.

आपल्याच भाषेत बघा. पैठणी विणतो तो विणकर. घरात स्वेटर विणणारीला काय म्हणायचं? तिच्यासाठी शब्दच नाही. तिचं नुसतं 'विणकाम', तेही बहुतेक वेळा भरतकामाशी जोडी लावून, शाळेतल्या शिवणाच्या तासासारखं. क्रियापद तेच, पण कर्ता मात्र गायब.

आमच्याकडे नाशिकचे नातलग येतात ते पुष्कळदा नगरसोल–नरसापूर गाडीने, सिकंदराबादला उतरतात. या गाडीची दोन टोकं मला फार दिवस मजेशीर वाटत आली आहेत. नगरसोल येवला तालुक्यात, म्हणजे पैठणीच्या मुलखात. नरसापूर पार आंध्रच्या किनाऱ्याजवळ, जिथे आपली गोदावरी समुद्राला मिळायच्या बेतात असते. तिथे घरोघरी बायका क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम तिथे शिकवलं आणि ते रुजलं. २०२४ साली त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या लेसवाल्या बायकांचा अभ्यास केला. त्यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली आलं. दलालाने सूत आणून द्यायचं, बायकांनी घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणायचं, माल परदेशी जायचा आणि व्यापाऱ्यांचे इमले उठायचे. बायकांच्या हातात पडायचं ते शेतमजूर बाईच्या किमान वेतनाहूनही कमी. त्याचं एक मोठं कारण मीसबाईंनी दाखवून दिलं: या बायकांना कोणी कामगार समजतच नव्हतं. त्या गृहिणी, फावल्या वेळात दोरा फिरवणाऱ्या. थोडक्यात, टाइमपास.

माझं आणि त्यांचं दुखणं एक नाही, हे मला कळतं. मी हौसेने विणते, त्यांची त्यावर चूल पेटते. पण दोघींचं काम स्वस्त करणारा शब्द एकच आहे, आणि तो माझ्या गच्चीत आला तेव्हा मीही हसून मान डोलावलीच.

त्या रात्री हिशेब मांडला. गेल्या वर्षी भाचीच्या लग्नासाठी जाळीची शाल विणली होती. जाळीचं काम सपातांसारखं गप्पा मारत होत नाही. सुईवर दोऱ्याचा एक वेढा जास्त घेतला की भोक पडतं आणि एक टाका वाढतो. तो फिटावा म्हणून कुठेतरी दोन टाके एकत्र विणायचे. एक वेढा विसरला तर ते चार ओळींनंतर कळतं. ओळीत २०० टाके, ओळी ३००, म्हणजे ६० हजार टाके. मिनिटाला पंचवीस धरले तरी चाळीस तास. नोकरी करणाऱ्याचा पुरा आठवडा. वर ती धुऊन, टाचण्या लावून गादीवर ताणून वाळवायची. तोवर जाळी उघडत नाही, शाल पोतेऱ्यासारखी दिसते. लग्नात सगळ्यांनी विचारलं, लोकर कितीची? किती तास लागले, हे कोणी विचारलं नाही.

मोजे विणायचं यंत्र विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ सालीच केलं. क्रोशाचं काम मात्र आजही हातानेच होतं. जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशमध्ये क्रोशाच्या रुमालासाठी घासाघीस करताना एवढं लक्षात असू द्या.

मी आता तास लिहून ठेवते. कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडतो तिथेच, त्या-त्या तारखेच्या चौकोनात. काल सपाता पुऱ्या झाल्या आणि मी साडेसहा लिहिले. सासूबाईंनी त्या पायात घातल्या, देवघरापर्यंत जाऊन आल्या, चष्मा लावून कालनिर्णयजवळ उभ्या राहिल्या.

"उसवल्याचे धरलेस का गं?"

धरले नव्हते. खोडून आठ केले.