वचन कोणाला लावायचं?

या खेपेला बायबलवर लिहितोय. भुवया चढवू नका. मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. नागभीडच्या बौद्ध वस्तीतला माणूस आहे. पण 'ग्रंथातलं शहाणपण रोजच्या जगण्यात उतरवा' हे वाक्य चर्चमध्येही ऐकू येतं आणि आपल्या विहारातही. ऐकायला बरं वाटतं. माझा प्रश्न एवढाच आहे: उतरवायचं कोणी, आणि कोणाच्या जगण्यात?

जोतीबांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली निघालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलंय. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. ज्यानं त्यानं आपापला ग्रंथ वाचून आपापला धर्म निवडला आणि सगळे एकमेकांवर माया करत एका छपराखाली राहतात. हे घर आपल्याला मान्य असेल तर पलीकडच्या खोलीतलं पुस्तक उघडून बघायला हरकत कसली?

आमचा भाग झाडीपट्टीचा, धानाचा. रोवण्याचे दिवस म्हणजे बांधीत पोटरीभर चिखल, वाकलेल्या बायांची रांग आणि पाठीवर पाऊस. इकडे ख्रिस्ती घरं मोजकीच. आमच्याकडच्या एका टोळीत अशाच एका घरातली आजी रोवायला जायची. एका वर्षी हंगाम संपला तरी मजुरी अडकली. मालक ख्रिस्ती नव्हता, त्याचा बायबलशी काही संबंध नव्हता. आजीनं प्रार्थनेच्या वेळी गाऱ्हाणं सांगितलं, तर तिला सोशिकपणाचं वचन वाचून दाखवलं गेलं. ती मला म्हणाली, "मालक म्हनते पुढच्या बाजाराले देतो. पास्टर म्हनते धीर धर. सारा धीर मीनंच धराचा का जी?"

या प्रश्नावर मोठमोठे पंडित अडखळतील. आजी अक्षरशत्रू होती. पण वचनाचा पत्ता चुकलाय हे तिला बरोबर कळलं होतं.

कारण बायबलात मजुरीविषयी सोशिकपणा शिकवलेला नाहीच. उलट आहे. जुन्या करारात 'अनुवाद' नावाचं पुस्तक आहे. त्यात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या असं बजावलंय. मजूर आपल्या जातभाईंतला असो की परका, नियम तोच. त्याच पुस्तकात थैलीत दोन वजनं आणि घरात दोन मापं ठेवायला मनाई आहे. घ्यायची पायली मोठी आणि द्यायची पायली लहान, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलं त्यांना या ओळीचा अर्थ पास्टरनं समजावायची गरज नाही. नव्या करारात याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते आणि तो ओरडा देवापर्यंत जातो असं श्रीमंतांना सुनावलंय. ही वचनं त्या पुस्तकात होतीच, पण आजीला ती कोणी वाचून दाखवली नाहीत. मालकाच्या दारात जाऊन तर कोणीच वाचली नाहीत.

हे काही नागभीडचंच नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरच्या काळ्या गुलामांसाठी खास बायबल छापलं गेलं. निवडक भागांचं. इस्राएली लोक मिसरच्या गुलामीतून सुटून गेले, ती अख्ख्या ग्रंथाची कण्याची गोष्ट त्यातून काढून टाकली. दासांनी धन्याचं ऐकावं हे मात्र ठेवलं. कात्री कोणाच्या हातात होती ते बघा. आणि कात्री न लावताही हे करता येतं: काय वाचायचं, कोणासमोर वाचायचं, एवढं ठरवलं की झालं.

बाबासाहेबांना हे दिसलं होतं. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपलं मन वेधलं असल्याचं त्यांनी सांगितलं. पण तिथंच त्यांनी तोंडावर सुनावलं की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते आणि ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाहीत. धर्मांतरित ख्रिश्चनांविषयीच्या त्यांच्या लेखनात याहून खोल मुद्दा आहे. अस्पृश्य माणूस आपल्या दुर्दशेचं कारण म्हणून भोवतालच्या व्यवस्थेकडे बोट दाखवू शकतो. त्यालाच 'तुझ्या पतनाचं कारण तुझं पाप' असं शिकवलं की बोट स्वतःकडे वळतं आणि लढायची उमेदच जाते. पापाची शिकवण वाईट की चांगली हा वाद बाजूला ठेवा. ती जमिनीच्या मालकाला लावली तर तो मजुरी देईल. मजुराला लावली तर तो मजुरी मागणं सोडेल. शिकवण तीच, पण फळ उलटं.

मग उपाय काय? सगळी वचनं पाठ करून योग्य वेळी योग्य वचन काढायचं? तसंही होत नाही. बायबलात 'नीतिसूत्रे' म्हणून शहाणपणाचं पुस्तक आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायात एक सूत्र सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील. लगेच पुढचं सूत्र सांगतं की त्याला तसंच उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. दोन्ही शेजारी शेजारी. ज्यांनी हे एकत्र लिहिलं ते वेडे नव्हते. मला त्याचा अर्थ असा लागतो की वचन तुमच्या वतीनं विचार करत नाही. समोर कोण आहे, त्याच्या हातात किती ताकद आहे, हे तुम्हालाच बघावं लागतं.

१९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम हुकूम करतो, तत्त्व तुम्हाला पारखायची दृष्टी देतं. नियम पाळणाऱ्यावर जबाबदारी नसते, तत्त्वानं चालणाऱ्यावर असते. कालामांना बुद्धानं हेच सांगितलं: ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. पडताळा घ्या.

असा पडताळा घेतल्याची एक गोष्ट बायबलातच आहे आणि ती पंगतीची आहे. अंत्युखिया शहरात यहुदी आणि परजातीय ख्रिस्ती एका पंगतीला जेवत. येशूचा थोरला शिष्य पेत्र तिथं होता, तोही जेवत होता. मग यरुशलेमेकडून काही कडवे लोक आले. त्यांच्या भीतीनं पेत्र हळूच पंगतीतून उठला आणि वेगळा बसू लागला. पाठोपाठ बाकीचे यहुदीही उठले. पौलानं सगळ्यांसमोर पेत्राला धारेवर धरलं. पौल स्वतः गलतीकरांच्या पत्रात हे सांगतो. वचन इथं वरच्या माणसाला लावलं, तेही पंगतीच्या ठिकाणी, चारचौघांत. पेत्राची श्रद्धा पक्की होती, त्याचं तत्त्व त्याला तोंडपाठ होतं. पण पाहुणे आले आणि तो उठला. असे पेत्र आपण लग्नांच्या मांडवात किती बघितलेत!

आता आपलं घर बघू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, १६ ला चांदा. आमच्या जिल्ह्याच्या मातीला बाबासाहेबांचे पाय लागले, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. बावीस प्रतिज्ञा आमच्या भिंतीवर आहेत. पण त्या लावतो कोणाला? म्हातारीच्या कोनाड्यात देवीचा फोटो सापडला की सगळी प्रतिज्ञा तिच्यावर कोसळते. सर्व माणसं समान, ही प्रतिज्ञा मात्र कार्यक्रमाच्या भाताच्या हंड्यापाशी येऊन थांबते. हंड्यापाशी बाया, माईकपाशी पुरुष. न दिलेलं घेऊ नये हे शील आपण चोराला सांगतो. आपल्यातलाच एखादा ठेकेदार झाला आणि त्यानं मजुरी दाबली, तर त्याला ते कोण सांगतं? तो तर जयंतीची मोठी वर्गणी देतो.

आणि एक मोठी गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख आत आले. बौद्ध १९९० साली. म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षं आपण त्या दारात उभे होतो. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही त्यांना नाही. मार खाताना जात आहे, तक्रार लिहिताना जात नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ साली हा दर्जा धर्मापासून सोडवा अशी शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. आणि आपल्यातले काहीजण म्हणतात, त्यांना घेऊ नका, आपला वाटा कमी होईल.

ही भीती खोटी नाही. जागा थोड्या आहेत, पोरं बेकार आहेत. पण मत्तयाच्या पुस्तकातली द्राक्षमळ्याची गोष्ट इथं आठवते. मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला आल्यावरही लावतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखंच नाणं देतो. सकाळचे मजूर कुरकुर करतात. चर्चमध्ये या गोष्टीतून देवाची कृपा सांगतात. मजूर म्हणून वाचली तर दोन गोष्टी दिसतात. उशिरा आलेले आळशी नव्हते, त्यांना दिवसभर कोणी कामावर घेतलंच नव्हतं. आणि त्यांना दिलेलं नाणं सकाळच्या मजुराच्या कमरेच्या पिशवीतून काढलेलं नव्हतं. तेव्हा भांडण पिशवीवाल्याशी आहे. माणसं वाढली तर वाटा वाढवून द्या, असं दोघांनी मिळून मागायचं. दाराशी उभ्या असलेल्याला ढकलायचं नाही.

कोणी विचारेल, मनुस्मृती जाळली, मग या पुस्तकाशी एवढी सलगी कशाला? बायबलातही दासांना नमून राहायला सांगणारी वचनं आहेत, हे मी लपवत नाही. पण १९२७ च्या डिसेंबरात महाडला जे पुस्तक जाळलं, त्यात माणसामाणसांतली विषमता हाच पाया होता. शूद्राला त्यातून मालकाविरुद्ध उभं राहायला जागाच नव्हती. बायबलात ती जागा आहे, आणि ती आजीपासून झाकून ठेवली जाते. झाकण काढायला ख्रिस्ती व्हावं लागत नाही.

म्हणून माझं मत असं. कुठलंही वचन हातात आलं, बुद्धाचं असो, बाबासाहेबांचं असो, ख्रिस्ताचं असो, की आधी ते स्वतःला लावून बघावं. मग आपल्याहून ताकदवान असलेल्याच्या दारात जाऊन वाचावं. आपल्याहून खालच्याला सांगायची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर त्याची मजुरी चुकती झालेली असली पाहिजे.

पुढच्या बैठकीत दर्जाच्या मागणीचा ठराव येणार आहे. त्यावर हात वर करायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी करणार आहे.

जय भीम.