पोकळीतला स्फटिक

घरात स्फटिकाचा गुच्छ असेल तर हातात घ्या. नसेल तर मनाने घ्या: जळगावकडच्या दगडखाणीतून निघालेला, मुठीएवढा, खाली काळ्या दगडाची खपली चिकटलेला. लगेच उजेडात धरू नका. आधी नुसता तळहातावर राहू द्या. काचेपेक्षा तो गार लागतो. तो गारवा ओसरेपर्यंत थांबा.

आता एकच टोक निवडा. त्याच्या खालच्या खांबावरून बोट सावकाश फिरवा. सहा बाजू लागतील. एखादी चांगली रुंद, एखादी नखाइतकीही नाही. तरी शेजारच्या दोन बाजूंमधला कोन 120 अंशच भरतो. बाजू लहानमोठ्या होतात, कोन बदलत नाहीत, हे निकोलस स्टेनोने 1669 मध्ये लिहून ठेवलं. टोक किंचित तिरकं करा. बाजूंवर बारीक आडव्या रेषा उजळतील. स्फटिक वाढताना त्या उमटल्या. कुणा कारागिराचं हत्यार तिथे पोचलेलं नाही.

श्वास संथ होऊ द्या आणि मागे जा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. निसटू न शकलेल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. त्यातल्या एकीत उतरा. मिट्ट काळोख आहे. भेगांतून ऊन पाणी पाझरतंय, वाटेतल्या दगडातलीच सिलिका विरघळवून आणतंय. पाणी निवतं, सिलिका भिंतीला धरते. बहुतेकदा आधी अकीकाचा पातळ, गुळगुळीत थर. मग त्यावर टोकं फुटतात, सगळी आतल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन, अशी वीण चढत जाते. कुठे किंचित लोह शिरलं आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराची साथ मिळाली, की जांभळा अमेथिस्ट होतो.

इथे थोडं रेंगाळा. ग्रॅनाइटमध्येही हेच खनिज असतं, पण शेजाऱ्यांच्या दाटीत त्याला टोक काढता येत नाही. ते बेढब दाणा होऊन राहतं. तुमच्या हातातल्या टोकाला आकार मिळाला तो रिकाम्या जागेमुळे. या गुच्छात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. म्हणून यंत्रावर घासून टोकदार केलेले चकचकीत स्फटिक मी संग्रहात ठेवत नाही. त्यांच्या अंगावर वाढीची खूण उरलेली नसते.

आता गुच्छ उलटा करा आणि तळाची काळी खपली बघा. ती त्या पोकळीची भिंत आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर तिथेही टोकांवरून नजर खाली आणा, तळाच्या दगडापाशी थांबा. आणि नमुना विकत घेताना तो कुठल्या गावचा, कुठल्या खाणीतला, हे विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा. विक्रेत्याकडून एकदा का ते गाव विसरलं गेलं, की स्फटिकाकडे बघून ते सहसा सांगता येत नाही.